बस्त्यातला सतरावा खंड

“नवरीला विचारा की कुणीतरी!” सुमनआत्या म्हणाली, आणि कुणीही विचारलं नाही.

सांगलीतल्या एका तीन मजली साडीच्या दुकानात, पहिल्या मजल्यावरच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर आम्ही सकाळपासून ठाण मांडून होतो. माझ्या लग्नाचा बस्ता होता. बस्त्यात नवरीचं काम काय, तर खांदा पुढे करणं. दुकानातला माणूस त्यावर पदर टाकतो, बाकीचे मान तिरकी करून पाहतात आणि मग “तिच्या रंगावर उठत नाही” किंवा “अगदीच उठून दिसतंय” असा निकाल देतात. खांदा कुणाचा आहे याला महत्त्व नसतं. मी कराडच्या फार्मसी कॉलेजात शिकवत होते, पन्नास-साठ पोरांना तासभर गप्प बसवत होते. पण त्या गादीवर माझी योग्यता खुंटीपेक्षा थोडीच जास्त होती. खुंटीला चहा देत नाहीत, एवढाच फरक.

आमच्या बाजूने आई, पप्पा आणि सुमनआत्या. पलीकडून विट्याचे शेलार: होणारा नवरा विराज, त्याची आई प्रमिलाकाकू आणि वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, बोलण्यातून मात्र नाही. ते तळमजल्यावर पप्पांना घेऊन बसले होते आणि पावसाळ्यात कोयनेत किती पाणी येणार हे फेब्रुवारीतच सांगत होते. आवाज वरपर्यंत ऐकू येत होता.

मला मात्र त्या दिवशी कुणी विचारत नव्हतं याचा आनंद होता. कारण माझ्या पर्समध्ये सतरावा खंड होता.

त्याचं असं, की मी एक जपानी चित्रकथा वाचत असे. मांगा म्हणतात तिला. इंग्रजीत भाषांतर होऊन खंडाखंडाने येते. माझ्या मालिकेत तोमा नावाचा राजपुत्र होता. भावाचा जीव वाचवण्यासाठी त्याने नदीतल्या डाकिणीकडे आपला आवाज गहाण टाकला होता. आणि सायो नावाची घंटा ओतणाऱ्याची मुलगी होती, ती त्याचा आवाज परत आणायला निघाली होती. यात राक्षस होते, उडणारे कोल्हे होते, दर तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी कड्यावरून पडत होतं. अठ्ठावीस वर्षांच्या प्राध्यापिकेने वाचावं असं त्यात काही नव्हतं, हे मला माझ्या आईने वेगवेगळ्या शब्दांत सांगून झालं होतं.

पण सोळाव्या खंडाच्या शेवटच्या चित्रात तोमाला आवाज परत मिळाला. त्याने सायोकडे पाहिलं, तोंड उघडलं. बोलण्याचा फुगा काढलेला, आणि फुगा कोरा. खंड समाप्त.

या गोष्टीला वर्ष उलटून गेलं होतं. सोळा खंड मुका असलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलणार, यावर मी वर्षभर इतका विचार केला होता, की तेवढा लग्नावर केला असता तर बस्त्यापर्यंत गाडी आलीच नसती.

खंड त्याच सकाळी आला. गाडीत बसता बसता कुरियरवाल्याने हातात दिला. आई म्हणाली, “आज नको हं ते.” मी म्हटलं, “छे.” आणि आता मानाच्या साड्यांचा ढीग माझ्यासमोर कमरेएवढा झाल्यावर मी त्या आडोशाने वाचत होते. दोन्हीकडच्या मावश्या, माम्या, चुलत्या यांना कुठली साडी द्यायची आणि कुणाची कुणापेक्षा भारी दिसता कामा नये, या विषयावर आई आणि सुमनआत्या अशा गंभीरपणे बोलत होत्या, की सीमाप्रश्न त्यांच्याकडे सोपवला असता तर सुटला असता.

खंडाने मात्र छळ मांडला होता. तोमा बोलणार म्हणावं, तर लेखिकेने मध्येच त्याचं बालपण काढलं. मग डाकिणीचं बालपण. डाकिणीलाही बालपण असतं, ठीक आहे, पण आत्ताच?

“शेवटाकडनं वाचतीस काय गं?”

मी दचकले. प्रमिलाकाकू शेजारी येऊन बसल्या होत्या. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. लग्न ठरल्यापासून चार महिन्यांत त्यांची-माझी मिळून दहा वाक्यं झाली असतील, त्यातली निम्मी “घे की अजून” अशी.

“नाही काकू. जपानी पुस्तकं अशीच असतात. उजवीकडून डावीकडे.”

“आई म्हण आता,” सुमनआत्या साड्यांच्या ढिगापलीकडून म्हणाली. तिचे कान बस्त्यातही कामावर असतात.

प्रमिलाकाकूंनी पुस्तकात डोकावून पाहिलं. मी ते मिटायला गेले, तर त्यांनी बोट मध्ये घातलं.

“हा कोण?”

“राजपुत्र. बोलत नाही.”

“भांडलाय?”

“नाही, आवाज गेलाय त्याचा. सोळा पुस्तकं झाली, एक शब्द बोललेला नाही.”

“सोळा!” काकू म्हणाल्या. खालून आप्पांचा आवाज आला, ते आता उजनी धरणाकडे वळले होते. काकूंनी जिन्याकडे एकदा पाहिलं. “आणि हे प्रेमाचं पुस्तक म्हणायचं?”

“हो.”

“असणारच.”

मी हसले. त्याही हसल्या, पण तोंडावर पदर घेऊन. मग मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. डाकीण, घंटा, कोरा फुगा. त्या ऐकत राहिल्या. दुकानातल्या माणसाने माझ्या खांद्यावर डाळिंबी शालू टाकला, आईने “फिकट वाटतोय” म्हणून काढला, मोरपंखी टाकला, आणि काकू विचारत होत्या, “मग त्या पोरीला त्याच्या मनातलं कळायचं कसं?” मी पान उलटायला गेले, तर म्हणाल्या, “थांब, माझं इंग्रजी हळू चालतंय.”

एरवी आईने माझ्या हातात पुस्तक पाहिलं असतं तर डोळे मोठे केले असते. पण शेजारी सासू तेच वाचत असल्यावर डोळ्यांनी करायचं काय? तिने पाहिलं आणि एका साडीचे काठ जरा जास्तच बारकाईने तपासायला घेतले.

आम्ही दोघी अशा पानावर आलो होतो, जिथे सायो तोमासमोर उभी आहे आणि खालच्या कोपऱ्यात त्याचे ओठ दिसतात. पुढचं पान उलटायचं बाकी होतं.

तेवढ्यात विराज वर आला.

विराजबद्दल सांगायला हवं, आणि न्यायाने सांगायला हवं. तो वाईट नव्हता. पुण्यात चांगल्या नोकरीत होता, दारू-तंबाखू नाही, आईवडिलांना दर रविवारी फोन. त्याचा धर्म एकच होता, वेळ वाचवणं. भाषणं दुप्पट वेगाने ऐकायचा. सिनेमा बघण्याआधी गोष्ट वाचून घ्यायचा, म्हणजे बघायचा की नाही ते ठरवता येतं आणि मग बहुधा बघावाच लागत नाही. हॉटेलात जायच्या आधी काय मागवायचं हे घरी ठरवून यायचा, माझ्यासाठीसुद्धा. साखरपुड्यानंतर फोनवर मी त्याला तोमा-सायोची गोष्ट सांगितली होती. त्याने ती मनापासून ऐकली, निदान एकपट वेगाने. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, “माझी एक गोष्ट ऐकशील? सतरावा खंड आला की नेटवर सगळीकडे बोभाटा होईल. तू बघू नकोस. बघितलंस तर मला सांगू नकोस.”

“एवढंच? प्रॉमिस,” तो म्हणाला होता.

चार महिन्यांत मी त्याच्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. हुंड्याच्या बाबतीत आमच्याकडून काही मागणी नव्हती, असं म्हणा.

“अरे, आला का तो सतरावा!” विराज गादीच्या कडेला बसत म्हणाला. हातात सरबताचे दोन ग्लास. “मी कालच वाचलं त्यात काय आहे ते. म्हणजे सारांश.”

“विराज, नको.”

“ऐक तरी, काय पोपट केलाय! एवढी सोळा पुस्तकं—”

“विराज, सांगू नकोस. आम्ही तिथेच आलोय.”

“पाणी मागतो!” तो हसायलाच लागला. “पहिलं वाक्य काय, तर ‘जरा पाणी देशील?’ एवढ्यासाठी तू वर्षभर थांबलीस! आई, सांग हिला.” मग माझ्या हातातलं पुस्तक हलकेच घेऊन, मिटून, त्याने माझ्या पर्सवर ठेवलं. “बघ, तुझे दोन तास वाचवले. आता साड्यांकडे लक्ष दे. सगळे तुझ्यासाठीच आलेत ना.”

सरबत त्याने माझ्यासमोर ठेवलं. कोकमचं होतं. मला कोकम आवडतं हे त्याला माहीत होतं. म्हणून तर सांगतेय, वाईट नव्हता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. याचा मला आजही राग येतो, कारण त्यामुळे पुढच्या सगळ्या गोष्टीला “रडकी पोरगी” हे शीर्षक मिळालं.

“अगं, रडतेस काय? कॉमिक आहे ते!”

प्रमिलाकाकू उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या.

मी विराजला म्हटलं, “वर चल जरा.”

तिसऱ्या मजल्यावर शेरवान्या होत्या. दुपारच्या वेळी तिथे दुसरं कुणी नव्हतं, फक्त फेटा बांधलेले, डोकं असलेले आणि डोकं नसलेले पुतळे. त्यांच्यामध्ये आम्ही उभे राहिलो.

“मी तुला एक गोष्ट मागितली होती,” मी म्हटलं.

“किती छोटी गोष्ट आहे, केतकी!”

“म्हणूनच. मोठी मागितली असती आणि तुला जमली नसती, तर मी समजून घेतलं असतं. ही जमण्यासारखी होती.”

“मला वाटलं तुला गंमत वाटेल.”

“मी दोनदा नको म्हटलं.”

तो खरोखर विचारात पडला. त्याच्या डोक्यात हिशेब चालू असल्यासारखा चेहरा झाला. मग म्हणाला, “ओके. सॉरी. पुढच्या वेळी नाही सांगणार. आता खाली जाऊया? साडीवाले थांबलेत.”

त्याची माफी खरी होती. दुप्पट वेगाची, पण खरी. मला मात्र खाली जाता येईना. हे एका पुस्तकामुळे होतंय, याची मलाच लाज वाटत होती. मी म्हटलं, “विराज, मला दोन दिवस विचार करायला दे.”

“कसला?”

“आपला. कदाचित काहीच होणार नाही. पण मला घरी जाऊन शांतपणे आईशी बोलायचंय. आज इथे नको, सगळ्यांसमोर नको. तिला मीच सांगेन, माझ्या पद्धतीने. तोवर तू कुणाला काही बोलू नकोस. एवढं करशील?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता त्याचा. “ठीक आहे,” तो म्हणाला. “प्रॉमिस.”

मी तोंड धुवायला गेले. चेहऱ्यावर पाणी मारलं, केस नीट केले, आरशात हसून पाहिलं. दोन दिवसांनी काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर हो म्हणण्याचीच शक्यता जास्त होती. अठ्ठावीस वर्षं, कार्यालयाचा ॲडव्हान्स दिलेला, पत्रिका छापायला टाकलेल्या. अशा वेळी माणसं याहून मोठ्या गोष्टी गिळतात आणि वर पाणी पितात.

मी जिना उतरून पहिल्या मजल्यावर आले.

आई उभी होती. हातात मोरपंखी शालू तसाच, अर्धा उलगडलेला. पप्पा आणि आप्पाही वर आलेले. आप्पासुद्धा गप्प होते, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. दुकानातला माणूस उगाचच घडी घातलेल्या साडीची पुन्हा घडी घालत होता.

“केतकी,” आई म्हणाली, “हा काय म्हणतोय? तुला लग्नाचा विचार करायचाय?”

मी विराजकडे पाहिलं.

“मी सांगून टाकलं,” तो म्हणाला. अगदी हळुवारपणे म्हणाला. “तुला सांगायला अवघड गेलं असतं ना. म्हटलं, आपणच सांगावं.”

आईच्या तोंडाकडे मला बघवेना. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी तिच्यापासून काहीतरी लपवून सगळ्यांना आधी सांगून आले होते. मला तिला स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, ती कणीक मळत असताना सांगायचं होतं. ती आधी रागावली असती, मग रडली असती, मग “नीट सांग बरं” म्हणून पाटावर बसली असती. ते सगळं तिथे, अनोळखी माणसांसमोर, साड्यांच्या ढिगात सांडून गेलं होतं.

“विचार झाला माझा,” मी म्हटलं. “हे लग्न नको.”

पुढचं वर्णन करत नाही. कुठल्याही लग्न मोडलेल्या घरात विचारा, तेच सांगतील. सुमनआत्याला गादीवरच चक्कर आली आणि तिला वारा घालायला आठ हजारांच्या साडीचा पदर वापरला गेला. पप्पा “घरी बोलू, घरी बोलू” एवढंच म्हणत राहिले. विराज मला शेवटपर्यंत विचारत होता, “पण मी केलं काय?” आणि माझ्याकडे सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. तोमा पाणी मागतो हे त्याने मला सांगितलं. मला विचार करायचाय हे आईला सांगितलं. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. खोटं तो कधीच बोलला नव्हता.

मी सांगितलेलं कारण कुणालाच पटलं नाही, म्हणून लोकांनी आपापली शोधली. पहिल्या आठवड्यात मुलाला साखर निघाली. दुसऱ्या आठवड्यात माझं बाहेर काहीतरी निघालं. मग सुमनआत्याकडून कुठेतरी “जपानी” हा शब्द सुटला आणि अर्ध्या कराडात माझं एका जपानी मुलाशी जमल्याची बातमी पसरली. कॉलेजातल्या शिपायाने मला गंभीरपणे विचारलं, “मॅडम, त्यांच्यात भात कच्चा खातात म्हणे?” आईला यातलं एकही कारण नको होतं. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि फोनवर नातेवाइकांना एकच वाक्य सांगत होती, “कॉमिकपायी लग्न मोडलं हो आमच्या पोरीने.” पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांचा गठ्ठा माळ्यावर टाकला.

सतरावा खंड मी वाचला. तोमा पाणी मागतो. सायो धावत जाते आणि ओंजळीतून पाणी आणते, येताना अर्धं सांडतं. उरलेलं तो पितो. चार पानं आहेत, त्यात दुसरा एकही शब्द नाही. चांगली होती ती पानं. फार चांगली असावीत. पण मी ती परीक्षा झाल्यावर उत्तरं ताडून बघावीत तशी वाचली.

महिनाभराने एका दुपारी प्रमिलाकाकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. एकट्या. विट्याहून एसटीने आल्या होत्या. आमच्याकडून विराजला घातलेली अंगठी आणि सुटाचं कापड परत द्यायचं होतं.

“फोन तरी करायचा,” आई म्हणाली. स्वर कोरडा होता. “हे गेले असते घ्यायला.”

“मुद्दाम नाही केला. कुणाला करूही दिला नाही. म्हटलं, आपण जाऊन काय ते बोलावं.”

आईने चहा टाकला. काकूंनी अंगठी टेबलावर ठेवली. मला वाटलं आता बोलणी ऐकायला मिळणार. मी अंग चोरून बसले.

“पोरीला बोलू नका,” काकू आईला म्हणाल्या. “तिनं सगळ्यांना कारण सांगितलं, ते तुम्हाला कुणालाच पटलं नाही. मला पटलं.”

“कॉमिकचं?” आई म्हणाली.

काकूंनी टेबलावरची अंगठी बोटाने जरा पुढे सरकवली. मग बोलू लागल्या, माझ्याकडे नाही, आईकडे बघून.

“विराजच्या वेळी मला दिवस गेले तेव्हाची गोष्ट. लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझ्या आईनं त्यापायी किती उपास केले असतील, देवाला ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तसं मी ह्यांना म्हटलं, हे माझ्या आईला मी सांगणार. समोर बसून सांगणार. दुसऱ्या दिवशी माहेरी जायला आटपाडीची गाडी धरली. खिडकीला बसले होते. वाटेत सारखी मनात बोलत होते, आधी पाया पडायचं, मग कानात सांगायचं. का आधी कानात सांगायचं. दोन्ही करून बघत होते.”

आई चहाचं भांडं हातात घेऊन ओट्यापाशी तशीच थांबली होती.

“घरी पोचले, तर आई दारात उभी. ओवाळायचं ताट घेऊन. आत पुरणाचा वास. आटपाडीजवळचं आमचं खेडं, तिथं एकच फोन होता, दुकानात. ह्यांनी सकाळीच करून टाकला होता. आनंदाच्या भरात हो. वाईट हेतू नव्हता, आजही नाही म्हणत मी. मी तोंड उघडलं, तर आई म्हणाली, ‘कळलं गं, कळलं.’”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. पुरणपोळी खाल्ली.” काकू हसल्या. पदर तोंडावर घ्यायचं त्यांना सुचलं नाही. “आई जाऊन पंधरा वर्षं झाली. अजून कधीतरी भांडी घासताना मनात येतं, मी सांगितलं असतं तर तिचा चेहरा कसा झाला असता?”

गॅसवर दूध उतू जायला आलं, ते आईने बंद केलं. कप काकूंसमोर ठेवला. मग अंगठी उचलून, न बघता, कपाटाच्या खणात टाकली.

“चारची गाडी आहे,” काकू म्हणाल्या. “चहा घेऊन निघते.”

“चारची जाऊ दे,” आई म्हणाली. परातीत पीठ काढत होती ती. “भाकरी टाकते. जेवून जा. आणि केतकी, तू इथे बस पाटावर. काय झालं होतं त्या दुकानात, ते मला नीट सांग बरं.”